बाई, तुमचा हात चुकला नव्हता

बाई,

तुमच्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी जे गृहस्थ बसले होते, त्यांच्या कानाची पाळी मी बराच वेळ निरखत होतो. वाढणारा दोनदा मठ्ठा विचारून गेला, माझं लक्ष नव्हतं. शेवटी ते गृहस्थच म्हणाले, "काय हो, काही लागलंय का कानाला?" मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, छान आहे कान." कापा होता, बाई. घट्ट, भरीव, टोचलं की नेमका थेंब देणारा. तुम्हाला आवडला असता.

माणसांच्या कानांचे फणसासारखे कापा आणि बरका असे दोन प्रकार पाडणाऱ्या सगळ्या रत्नागिरीत तुम्ही एकट्याच. "तुमचा बरका हो," असं तुम्ही एखाद्या निवृत्त हेडमास्तरांना तोंडावर सांगायचात आणि ते बिचारे आपला कान चाचपत असतानाच तुमचं टोचून झालेलं असायचं. मांडवीच्या तुमच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये माणसं घाबरत यायची आणि हसत जायची. मे महिन्यात साखर तपासायला कुणीच फिरकत नसे, आंबा संपेपर्यंत सगळा गाव स्वतःपासून लपून बसलेला, आणि जूनमध्ये रांग लागली की तुम्ही दारात उभं राहून विचारायचात, "किती पेट्या?" साखरेचा आकडा तुम्ही तपासायच्या आधीच सांगायचात. बहुतेक वेळा तो जवळपास बरोबर यायचा.

मी तुमच्याकडे आधी शिकलो, मग तुमच्याच लॅबमध्ये लागलो, आणि पुढे दुपारी आपण दोघं टेक्निशियनच्या कोर्सला शिकवायला जायला लागलो. इतकी वर्षं रोज समोरासमोर बसून मी तुमच्याशी किती बोललो असेन? घरी नीता म्हणते, "तुम्ही बाईंपुढे 'हो बाई' आणि 'नाही बाई' एवढंच बोलता." खरं आहे. त्यातही जिथे 'नाही बाई' म्हणायला हवं होतं तिथे एकदा मी काहीच म्हटलं नाही. तेच आज सांगायचं आहे. पण मला तुम्ही ओळखता. मी वळसा घालूनच येणार.

तुमचा जीव होता तो बीटीवर. दात काढायच्या किंवा ऑपरेशनच्या आधी डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात ती बीटी, रक्त आपोआप थांबायला किती वेळ लागतो ते बघायची चाचणी. कानाच्या पाळीला लॅन्सेटने टोचायचं, स्टॉपवॉच चालू करायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने फिल्टर पेपरची कड थेंबाला अलगद टेकवायची. पहिला ठिपका मोठा, दुसरा जरा लहान, तिसरा त्याहून लहान, आणि एका टोकाला कागद कोरा. कृष्णपक्षातला चंद्र एका ओळीत मांडल्यासारखा दिसायचा. सगळं अवलंबून टोचण्याच्या खोलीवर. तुम्ही मुलांना सांगायचात, "फणसाचा गरा काढताना आठळीला नख लागता कामा नये, तसं टोचा." पुढे सगळीकडे यंत्रं आली, कुणीतरी म्हणालं, बाई, ही चाचणी आता जुनी झाली. तुम्ही म्हणालात, "जुनी तर मीपण झाल्ये. मला काय भंगारात घालणार आहात?"

आणि मग तुमचे ते चाकरमानी. बाकीचे शिक्षक फळ्यावर प्लेटलेट काढतात, तुम्ही मुंबई-गोवा रस्त्यावरचा हातखंब्याचा नाका काढायचात.

"हा बघा गणपतीला मुंबईहून निघालेला चाकरमानी. हातात पिशवी. पिशवीतलं त्याने स्वतः काही केलंय का? नाही. बाजारात भरलंय. प्लेटलेटचं तस्संच. सेरोटोनिन तिला बनवता येत नाही. ते बनतं आतड्यात. रक्तातून जाता जाता ही ते उचलत्ये, आतल्या बारक्या बारक्या पिशव्यांत भरत्ये आणि मुकाट वाहात जात्ये. आता हातखंब्याला रस्ता खचला. काय होईल?"

"एसटी लेट होईल," मागच्या बाकावरून कोणीतरी दरवर्षी म्हणायचंच.

"तू बस खाली. पुढचे चाकरमानी खचलेल्या जागी चिकटून उभे राहातात आणि पिशव्या उघडतात. सेरोटोनिन बाहेर पडलं की फुटलेली नळी आकसते, आणि मागून येणाऱ्या प्लेटलेटना हाक जाते. थांबा रे, इथे काम आहे! एकाला बघून दुसरा, दुसऱ्याला बघून दहा. झाला बांध तयार. एकट्या सेरोटोनिनने बांध होत नाही हां, निरोप देणारे दुसरेही असतात. पण ह्याच्यामुळे हाक मोठी होत्ये."

नंतर तुमचा नियम यायचा. टोचण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, कुठली गोळी चालू आहे? रक्त पातळ करायची? दुखण्यावरची? मनाची? फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना तुम्ही स्वतः पट्टीने आखून घेतला होता. शेवटच्या प्रश्नाला माणूस अडखळला की तुम्ही म्हणायचात, "लाजू नका. तुमच्या मनाशी मला देणंघेणं नाही, तुमच्या प्लेटलेटशी आहे." कारण उदासपणावरच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतल्या पेशींवरचं सेरोटोनिन आत घेण्याचं दार अडवतात, आणि नेमकं तेच दार प्लेटलेटलाही असतं. गोळीला पत्ता वाचता येत नाही. दिसेल तिथे ते दार अडवते. महिनाभरात चाकरमानी हात हलवत यायला लागतात. मोजायला गेलं तर एकही कमी नाही. पिशव्या तेवढ्या रिकाम्या.

यावरून आपलं भांडण. तुमच्याशी मी घातलेला तेवढा एकच वाद. मी म्हणायचो, "म्हणजे मनातलं रक्तात दिसतं, बाई." तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायचात, "काही दिसत नाही. मेंदूतलं सेरोटोनिन वेगळं, रक्तातलं वेगळं. मधे गडगा आहे भक्कम चिऱ्याचा. शेजाऱ्याच्या आवारातला फणस बघून आपल्या घरात गरे किती ते कळतं का?" मी म्हणायचो, "पण दार तर तेच ना?" तुम्ही म्हणायचात, "एकाच सुताराने दारं केली म्हणून दोन घरं एक होत नाहीत, प्रकाशा. चहा पी."

तुम्हाला वाटायचं, मी शास्त्र विचारतोय. पहिल्यांदा वाद घातला तेव्हा शास्त्रच विचारत होतो. शेवटची सहा-सात वर्षं मी माझी चौकशी करत होतो.

सात वर्षांपूर्वी मला काहीतरी झालं. कारण विचारलंत तर सांगता येणार नाही. घर ठीक होतं, नोकरी ठीक होती, माणसं चांगली होती. सकाळी ब्रश हातात घेऊन बेसिनसमोर उभा राहायचो आणि पुढे काय करायचं असतं तेच सुचायचं नाही. तुमच्या विनोदाला सगळे हसले की मागून हसायचो. नीताने ओळखलं. ती मला कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली, कारण मीच म्हटलं होतं, रत्नागिरीत नको. आपल्याकडे माणसाला मूतखडा झाला तर तो डबीत घालून आल्यागेल्याला दाखवतात. मनाची गोळी मात्र व्हिटॅमिनच्या बाटलीत जाते. माझीही गेली.

तुम्हाला सांगितलं, दर दीड-दोन महिन्यांनी अंबाबाईला जातो. झालं. तुम्ही इतक्या खूश झालात की प्रत्येक वेळी पिशवीत नारळ आणि खण घालून द्यायला लागलात, "माझ्या नावाची ओटी भर हो." आणि वर्गात उदाहरण द्यायचात, बघा, हा प्रकाश, श्रद्धाही आहे आणि शास्त्रही आहे. डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत ते नारळ मांडीवर घेऊन बसायचो. एकदा कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर नारळ घेत नाहीत." एक मात्र खरं सांगतो, तुमची ओटी एकदाही चुकली नाही. आधी डॉक्टर, मग देऊळ. प्रसादाचे पेढे मी तुम्हाला आणून दिले ते अस्सल होते.

आणि गोळीने मला बरं केलं, बाई. एका सकाळी लॅबचं कुलूप काढताना मांडवीच्या पाण्याचा वास आला, आणि लक्षात आलं की तो कितीतरी दिवस येतच नव्हता. त्या दिवशी तुम्ही कोणाच्या तरी कानाला बरका म्हणालात आणि मी सगळ्यांच्या आधी हसलो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "काय रे, आज लवकर कळला विनोद?" तेव्हा सांगायला काय हरकत होती? नीता रोज विचारायची, "सांगितलंत का बाईंना?" मी म्हणायचो, "बघू."

आता तो दिवस.

दर वर्षी नव्या मुलांपुढे बीटी करून दाखवताना कान माझा असायचा. "माझा प्रकाश म्हणजे घड्याळ," तुम्ही म्हणायचात. पाच ठिपके, सहावा कोरा. वर्षानुवर्षं तेच. त्या वर्षी कोर्सचे मुख्य, दोन पाहुणे डॉक्टर, पंचवीस मुलं, सगळी जमलेली. तुम्ही आधी मुलांना नियम सांगितलात, टोचण्याआधी विचारा. मग माझी पाळी चिमटीत धरलीत आणि टोचलंत. मला विचारलं नाहीत. घड्याळाला कोण विचारतं? साऱ्या तालुक्याला तुम्ही तो प्रश्न विचारलात, तुमच्या हाताखालच्या माणसाला विचारायचा राहिला. आणि मी, जो रोज वीस जणांना तेच विचारून रकाना भरायचो, मी माझ्या फॉर्मवरचा रकाना कोरा ठेवून खुर्चीत बसलो होतो. त्यात दोन दिवस पाठदुखीची गोळीही खात होतो. दोन्ही गोळ्या एकत्र आल्या की रक्त थांबायला आणखी वेळ लागतो, ते मला पाठ होतं. मीच मुलांना लिहून दिलं होतं.

पाचवा ठिपका पडला. सहावा पडला. मुलं कुजबुजायला लागली. सातव्याला मला कळलं. आठव्याला तुम्ही लॅन्सेट उजेडात धरून बघितलंत. दहाव्याला पाहुण्यांपैकी एक जण खोकले. तेरा पडले, बाई. चौदावा कोरा आला. तुम्ही तिथेच माझ्या बोटाचं रक्त घेऊन काच केलीत, मायक्रोस्कोपखाली प्लेटलेट मोजल्यात. भरपूर. हव्या तेवढ्या. पिशव्या रिकाम्या आहेत की भरलेल्या, ते त्या काचेवर थोडंच दिसणार?

मग तुम्ही मुलांकडे वळून हसलात आणि म्हणालात, "चूक कोणाची? माझी. टोचणं खोल गेलं. हात गेला माझा. लिहून घ्या, टोचणाऱ्याचा हात गेला की रिपोर्ट खोटा येतो."

मुलांनी लिहून घेतलं. मी कापसाचा बोळा कानाला धरून बसलो होतो. चार शब्द होते: 'बाई, मी गोळी घेतो.' तेवढे शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लॅन्सेटचा डबा माझ्या टेबलावर ठेवलात. "आजपासून टोचायचं तू." त्यानंतर सहा वर्षं मांडवीतली म्हातारी माणसं येऊन अडून बसायची, "बाई, तुम्हीच टोचा ना," आणि तुम्ही मायक्रोस्कोपमधून मान वर न करता म्हणायचात, "माझा हात गेला हो. त्याच्याकडे द्या कान." हसत म्हणायचात. त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागायचं. मी तुमचा हात तुमच्याकडून काढून घेतला होता आणि वर रोज त्याच डब्यातल्या लॅन्सेट वापरत होतो.

तुम्ही जायच्या आठ दिवस आधी मी सांगायचं पक्कं ठरवून तुमच्या घरी आलो. तुम्ही पडवीत खुर्चीत. रक्त न्यायला आलेल्या मुलीला शीर मिळेना. "सोड गो बाय," तुम्ही तिला म्हणालात, "तुझा पण हात गेलाय वाटतं माझ्यासारखा. प्रकाशा, तू घे." मी तुमचा दंड बांधला. इतकी वर्षं ज्या हाताने मला शिकवलं त्या हातातलं रक्त पहिल्यांदाच काढत होतो. एका टोचण्यात मिळालं. म्हटलं, आता. तोंड उघडलं आणि म्हणालो, "दुखलं का?"

"नाही रे. तुझा हात चांगला आहे. मीच तर शिकवलाय." मग डोळे मिटून तुम्ही म्हणालात, "आज अंबाबाईला नाही गेलास?"

मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणालो.

बाई, हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, याचा गेल्या तेरा दिवसांत मी पुष्कळ विचार केला. आधी वाटायचं, तुम्ही गप्प बसाल. मग एकदा अंघोळ करताना तुमचा आवाज स्पष्ट आला आणि मला तिथेच हसू फुटलं. नीताने बाहेरून विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणत होतात, "मेल्या! आख्ख्या वर्गासमोर सेरोटोनिनचं इतकं सुंदर उदाहरण माझ्या चिमटीत होतं आणि तू ते फुकट घालवलंस? पाहुणे बसले होते रे!" तुमच्या हाताबद्दल तुम्ही नंतर बोलला असतात. आधी प्रयोग वाया गेल्याबद्दल मला धुतलं असतंत. आणि माझ्या गोळीबद्दल बहुतेक एवढंच, "बरं वाटतंय ना? मग घे."

म्हणून काल, चौदाव्या दिवशी, वर्गात बीटी होती तेव्हा गेली सहा वर्षं मागायचो तसा वर्गाच्या मॉनिटरकडे कान मागितला नाही. खुर्चीत स्वतः बसलो. टोचायला सुगंधाला बोलावलं. मंडणगडची आहे, वय अडतीस, दोन मुलांची आई, मुलं शाळेत गेल्यावर शिकायला आलेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तिनेही तुम्हाला नाही. पण तुमचा नियम तिने वहीत पहिल्या पानावर लिहिलाय.

"सर, वायच सरळ बसा." तिने माझी पाळी चिमटीत धरली आणि थांबली. "कुठची गोळी चालू आहे?"

वर्गात एक-दोघं हसले. सरांना काय विचारतेस म्हणून.

"हसता काय? सगळ्यांना विचारायचं असतं," ती म्हणाली. "सर, खरं सांगा हां. माझी सासू पण नाय नाय करायची, मग पिठाच्या डब्यात गोळ्या सापडायच्या."

बाई, सात वर्षांत मला हे विचारणारी ती पहिली. मी म्हटलं, "हो. चालू आहे. मनाची." आणि गोळीचं नाव सांगितलं. तिने पापणीही न हलवता रकान्यात ते लिहिलं, स्पेलिंग विचारून. मग म्हणाली, "दुखण्यावरची?" म्हटलं, "नाही." "बरं," म्हणाली आणि टोचलं. हात हलका आहे. तुम्हाला चालेल.

माझे नऊ ठिपके पडले. मग मी तिच्या कानाला टोचलं. तिचे पाच. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी हातखंबा काढला, चाकरमानी काढले, रिकाम्या पिशव्या काढल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "एसटी लेट होईल." तुमची शपथ, मी कोणाला शिकवलेलं नाही. नंतर सांगितलं की दोन कागदांवरून काहीच सिद्ध होत नाही, पण विचारायचं का असतं ते कळतं. आणि रकाना भरला म्हणून कोणाला गोळी बंद करायला सांगायचं नाही, ते डॉक्टर ठरवतील. एका मुलीने हात वर करून विचारलं, "म्हणजे सर, मनाचं रक्तात दिसतं?" मी म्हटलं, "नाही. मधे गडगा आहे. गोळी तेवढी दोन्हीकडे दिसते." आपला वाद तुम्ही जिंकलात, बाई. दाराचा मुद्दा तेवढा माझ्याकडे राहू दे.

मग मी पाकिटातून तिसरा कागद काढला. त्या दिवशी तुम्ही चुरगळून टाकलेला मी टोपलीतून उचलून ठेवला होता. ठिपके आता तपकिरी झालेत, पण मोजता येतात. सोबत तो फॉर्म, त्यावर तुमच्या अक्षरात माझं नाव, पुढे 'प्लेटलेट नॉर्मल', आणि 'चालू औषधे' समोर कोरी जागा. मी सगळ्यांसमोर पेन काढलं आणि त्या जागेत दोन्ही गोळ्यांची नावं लिहिली, आणि त्या दिवशी काय झालं, तुम्ही मुलांना काय लिहून घ्यायला सांगितलंत आणि मी कसा गप्प बसलो, ते सगळं सांगितलं.

सुगंधाने तो कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मोठ्यापासून बारक्यापर्यंत एकेक ठिपका बोटाने मोजत गेली. तेरावर थांबली.

"किती सारखे उतरत गेलेत बघा," ती म्हणाली. "खोल टोचलेलं असतं तर पहिलाच थेंब कागदभर पसरला असता. सर, त्या बाईंचा हात काय झ्याक होता हो!"